उन्हाळ्यातलं म्युझिकल थिएटर: प्रशिक्षणवर्ग की नाटक कंपनी?

गळा अजून तयार नसेल, तर प्रशिक्षणवर्गच घ्या. तिथे गाणं, नृत्य, अभिनय वेगवेगळे घोटून घेतात. फक्त अर्जाआधी विचारा: शिक्षकासमोर एकट्याने गायला किती वेळ मिळेल? 30 जणांत 2 तास वाटले, तर वाट्याला जेमतेम 4 मिनिटं येतात. हे फार थोडं आहे.

नाटक कंपनीत दिवसा पुढच्या नाटकाची तालीम, रात्री चालू नाटकाचा प्रयोग. नवख्यांचा आवाज इथेच बसतो, कारण ते तालमीतही पूर्ण ताकदीने गातात. तालमीत खुणेपुरतं, हलकं गाणं आधी शिकून जा.

ऑडिशनला बहुधा गाण्याचा 16 किंवा 32 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा गट) तुकडा मागतात. पियानोवादकाला द्यायची स्वरलिपी तुमच्याच पट्टीत छापलेली हवी.