पॅकहाऊसची निर्यात नोंदणी: पूर्ण द्राक्ष हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या पॅकहाऊसला (माल निवडून, थंड करून पेटीत भरायची इमारत) अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता मिळाली आणि जानेवारीत पहिला खुडा, म्हणजे बागेतून तोडलेला माल आत आला. आता हंगामानंतरच्या खरड छाटण्या उरकल्यात, शेवटचा कंटेनर जाऊनही बरेच दिवस झालेत. निफाड, दिंडोरी भागातले बरेच जण विचारतात, "आपलं स्वतःचं पॅकहाऊस नोंदवावं का, की दुसऱ्याच्या पॅकहाऊसमधून माल काढावा?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मी पॅकहाऊसचं रोजचं काम बघतो, म्हणून हिशोबापेक्षा कामाच्या बाजूनेच जास्त बोलेन.

माझं मत आधीच सांगतो. हंगामभर रोज पॅकहाऊस चालेल एवढा एकजिनसी माल ज्या गटाकडे आहे, त्याने नोंदणी जरूर करावी. यात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे पेटी कोणत्या प्लॉटची, कधी खुडलेली, किती वेळात थंड झालेली, हे हंगामात कधीही सांगता येतं. पूर्वी हे मुकादमाच्या डोक्यात असायचं. तो गावाला गेला की माहितीही गेली.

आधी एक गोंधळ दूर करतो. आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी आणि अपेडाचं आरसीएमसी (तिथल्या नोंदणीचं प्रमाणपत्र) हे निर्यातदाराचे कागद आहेत. पॅकहाऊसची मान्यता वेगळी, ती जागेला आणि तिथल्या सोयींना मिळते. स्वतः निर्यात न करता नुसतं पॅकिंग करून देणारेही ती घेतात. शिवाय युरोपला माल पाठवायचा तर मान्यता असलेल्या पॅकहाऊसमध्येच, वनस्पती संगरोध अधिकाऱ्यांच्या तपासणीखाली तो पॅक व्हावा लागतो. आमच्याकडे काही सभासद आयईसी काढून "आता झालं" म्हणून बसले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हे सगळं एवढं कडक का, हे जुन्या बागायतदारांना सांगायला नको. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षात औषधांचा अंश सापडला आणि त्यातून पुढे प्लॉट नोंदणी, रेसिड्यू तपासणी आणि प्लॉटपासून पेटीपर्यंत मालाचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही ऑनलाइन प्रणाली उभी राहिली. २०१० साली वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडने, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसीने, किती कंटेनर अडकवले हे या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मग १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह सगळे आंबे, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आपल्याकडची आयात थांबवली, कारण मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. डिसेंबर २०१९ पासून तर अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळं सोडली तर युरोपला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक ताज्या फळाला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, थोडक्यात फायटो) लागतं. औषधाचा अंश प्लॉटवर सांभाळायचा आणि कीड पॅकहाऊसच्या दारात अडवायची, अशी ही दोन टोकं आहेत. पॅकहाऊसच्या नोंदणीतले बरेचसे नियम या दुसऱ्या टोकाचे आहेत.

आता इमारत. अर्ज, नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद हे सगळं जमतं, त्यावर फार लिहीत नाही. खरं काम भिंती आणि दारांमध्ये आहे. माल एका दाराने आत यायला हवा आणि पॅक होऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडायला हवा, मध्ये कुठेही कच्चा माल आणि तयार पेटी एकमेकांना भेटता कामा नये. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण जुन्या बेदाणा शेडचं किंवा कांदा चाळीच्या बाजूच्या गोडाऊनचं पॅकहाऊस करायचं म्हटलं की नेमकं इथेच अडतं. आम्ही नवीन बांधकाम करताना नकाशा हातात घेऊन रिकाम्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि भरलेले क्रेट घेऊन माणसं त्या रेघांवरून चालवून बघितली. प्रीकूलिंगचं, म्हणजे माल पटकन थंड करायच्या खोलीचं दार कुठे हवं हे तिथेच ठरलं. बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवतो.

पाहणीत काय बघतात? जमीन आणि भिंत जिथे मिळते तो सांधा गोल आहे का, म्हणजे तिथे घाण साचत नाही ना. दिव्यांना फुटलं तरी काच मालात पडणार नाही अशी कव्हरं आहेत का. दाराला एअर कर्टन, खिडक्यांना बारीक जाळी, आत किडे मारणारा दिवा, आणि तो दिवा पॅकिंग टेबलाच्या वर टांगलेला नाही ना. हात धुण्याचा नळ कोपराने किंवा पायाने चालणारा. संडासाचं दार पॅकिंग हॉलमध्ये उघडत नाही ना. पुठ्ठा, पनेट (द्राक्षं भरायचे छोटे डबे), लायनर (पेटीच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी) ठेवायची स्वतंत्र खोली. वजनकाट्यांचं कॅलिब्रेशन. खराब मण्यांच्या बादल्या दिवसातून किती वेळा बाहेर जातात आणि कुठे रिकाम्या होतात. यातली एकही गोष्ट मला निरर्थक वाटली नाही. नळाचंच उदाहरण देतो. आमच्याकडे कात्री चालवणाऱ्या बायका दिवसभर घडाला हात लावतात. साधा नळ असता तर हात धुऊन झाल्यावर तोच हात पुन्हा त्याच नळाच्या चकतीला लागला असता. कोपराचा नळ बसवल्यावर त्या स्वतःच सांगायला लागल्या की घरीही असा हवा.

सल्लागाराबद्दल सावध राहा. आम्ही एकाला नेमलं होतं. त्याने दुसऱ्या कुठल्यातरी भाजीपाला पॅकहाऊसची रजिस्टरं जशीच्या तशी छापून आणून दिली. त्यात भेंडीच्या ग्रेडिंगचे रकाने होते आणि प्रीकूलिंगच्या तापमानाचा रकाना नव्हता. ती बाजूला ठेवून आमच्या सुपरवायझर ताईंनी वहीवर रेघा मारून स्वतःच नमुना तयार केला. माल आल्याची वेळ, प्लॉट क्रमांक, खुडणारी टोळी, क्रेटची संख्या, देठाजवळच्या मण्यातलं तापमान, प्रीकूलिंगमध्ये गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ. हंगामभर तीच वही चालली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही तीच पटली, कारण लिहिणारी व्यक्ती समोर उभी राहून प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत होती.

आता रोजच्या कामाचं. खुडा पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपायचा, क्रेट सावलीतून पॅकहाऊसला आणायचे, कात्रीने खराब आणि बारीक मणी काढायचे, ५०० ग्रॅमचे दहा पनेट भरून ५ किलोची पेटी करायची. वाटेत पाणी उडून वजन घटतं, म्हणून पनेटमध्ये थोडं जास्त भरायचं. मग प्रीकूलिंग. खुडल्यापासून शक्य तितक्या लवकर माल ४ अंशाच्या आसपास आणायचा, त्यानंतर ग्रेप गार्डचा कागद (बुरशी रोखायला हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडणारा) टाकून लायनर बंद करायचा आणि पेटी शून्य ते एक अंशाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवायची. हे सगळं आम्ही आधीही करत होतो. फरक एवढा पडला की आता प्रत्येक टप्प्याला वेळ लिहिली जाते, आणि वेळ लिहायची म्हटली की उशीर डोळ्यांना दिसतो.

याचा फायदा फेब्रुवारीत कळला. युरोपातल्या खरेदीदाराकडून तक्रार आली की काही पेट्यांमध्ये देठाजवळचे मणी पांढरे पडलेत. फोटोत पेटीवरचा कोड दिसत होता. कोडवरून पॅलेट सापडली, पॅलेटवरून प्रीकूलिंगची फेरी सापडली. वहीत त्या फेरीचं तापमान दाराकडच्या रांगेत बाकीच्यांपेक्षा जास्त नोंदवलेलं होतं. एका पुरवठादाराने बसवलेला प्लॅस्टिक पट्ट्यांचा पडदा जमिनीपासून वर आखूड होता, तिथून गरम हवा आत येत होती. माल पुरेसा थंड न होता लायनर बंद झाला की आत दव धरतं, ओलाव्याने ग्रेप गार्डमधला सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो आणि मणी भाजल्यासारखे पांढरे होतात. आम्ही खरेदीदाराला पॅलेटचा क्रमांक, कारण आणि केलेली दुरुस्ती लिहून पाठवली. बाकीच्या मालावर त्याने बोट ठेवलं नाही. कोड नसता तर पूर्ण कंटेनरवर घासाघीस झाली असती आणि ज्या शेतकऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता त्याच्याही भावातून कापलं गेलं असतं. सभासदांच्या बैठकीत मी हीच वही फिरवली. नोंदणीच्या खर्चाला विरोध करणारे आमचे एक काका ती बराच वेळ वाचत बसले होते.

ग्रेपनेटशी पॅकहाऊसची सांगड कशी बसते, तेही थोडक्यात. प्लॉटची नोंदणी कृषी विभागाकडे, सातबाऱ्यासह. खुड्याआधी प्रयोगशाळेची माणसं प्लॉटवर येऊन सॅम्पल घेतात आणि अहवाल ऑनलाइन चढतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या सगळ्यावर लक्ष ठेवते. सॅम्पल नापास झालं तर त्या प्लॉटचा माल युरोपच्या पेटीत जात नाही. पास झाला की तो नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये पॅक होतो, मग ॲगमार्कचं, म्हणजे मालाच्या दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र, मग फायटो. इथे पॅकहाऊसवाल्याने एक शिस्त पाळावी. अहवाल न आलेल्या प्लॉटचा क्रेट, कितीही ओळखीचा माणूस असला तरी, आवारात उतरवू नये. "उद्या रिपोर्ट येतोच आहे, तोवर खाली ठेवा" असा आग्रह होतो. आम्ही उतरवला नाही. दोन प्लॉटचे क्रेट एका छपराखाली आले की संध्याकाळच्या घाईत ते मिसळायला वेळ लागत नाही, आणि एकदा मिसळले की जगातली कुठलीही प्रणाली ते वेगळे करू शकत नाही.

फायटोच्या तपासणीचं टेबल नीट करा. भरपूर उजेड, पांढरा पृष्ठभाग, भिंग आणि बसायला खुर्ची. अधिकारी पेट्या निवडून घड उलटे करून बघतात. पिठ्या ढेकूण घडाच्या आतल्या बाजूला, देठाच्या बेचक्यात लपतो, तो अंधाऱ्या कोपऱ्यात दिसणारच नाही. आमच्या बायका आता पॅकिंगलाच घड उलटा करून ती बेचकी बघतात. लाकडी पॅलेटवर ५६ अंशाला ३० मिनिटं उष्णता दिल्याचा शिक्का आहे का, हेही लोडिंगच्या दिवशी न बघता पॅलेट विकत घेतानाच बघावं.

जड जाणाऱ्या गोष्टीही आहेत. वीज गेली की जनरेटर लगेच चालू झालाच पाहिजे, आणि डिझेल हा हंगामातला मोठा खर्च ठरतो. पॅकिंगच्या बायकांना टोपी, मास्क, ॲप्रन आणि बांगड्या काढून ठेवणं सुरुवातीला अवघड गेलं. विशेषतः बांगड्यांचं. त्यांच्याशी बसून बोलावं लागलं. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत आणि बांगड्यांवर लांब बाहीचा हातमोजा, असा मार्ग त्यांनीच सुचवला आणि तो चालला. हंगाम संपल्यावरही पॅकहाऊस बंद करून ठेवता येत नाही, उंदीर-घुशींचा बंदोबस्त, जाळ्यांची डागडुजी, पाण्याच्या टाक्यांची सफाई चालू ठेवावी लागते, नाहीतर पुढच्या पाहणीला सगळं नव्याने उभं करावं लागतं. मान्यतेला मुदत असते, नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ज्यांच्याकडे चार-सहा प्लॉट आहेत त्यांनी मात्र इमारतीत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत पॅकहाऊस भाड्याने घ्यावं आणि आपली ताकद प्लॉटच्या नोंदींवर, फवारणीच्या वहीवर आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि खुडा यांच्यात सोडायचे दिवस) पाळण्यावर लावावी. द्राक्षाशिवाय डाळिंब किंवा भाजीपालाही हाताळणार असाल तर ते अर्जातच लिहा आणि त्या मालाची मांडणी नकाशात दाखवा. आम्ही डाळिंबासाठी वेगळी ग्रेडिंग लाइन टाकतोय, कारण डाळिंबाची धूळ आणि द्राक्षाचा पनेट एका टेबलावर चालत नाही.

वेळापत्रकाचं शेवटचं सांगतो. फळासाठीच्या गोड्या छाटण्या साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात आणि जानेवारीपासून माल निघतो. बांधकाम उन्हाळ्यात संपवा, अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करा, म्हणजे पाहणीत निघालेल्या त्रुटी दुरुस्त करून पुन्हा दाखवायला दिवाळीपर्यंत वेळ मिळतो. दिवाळीनंतर मिस्त्री, वेल्डर आणि रेफ्रिजरेशनवाला, तिघेही या भागात मिळत नाहीत.