वेलभाज्यांवरची फळमाशी: सापळा की पिशवी?
पावसाळी मांडवावर पडवळ, दोडकी, कारली वाकडी होऊन कुजतात, ती फळमाशीच्या अळ्यांमुळे. क्यू-ल्यूर या वासाच्या आमिषाचा सापळा फक्त नर माश्या ओढतो. आधीच मिलन झालेली मादी अंडी घालतच राहते. आंब्यावरच्या फळमाशीसाठीची मिथाईल युजेनॉल या आमिषाची वडी तर इथे उपयोगाचीच नाही.

परसातल्या चार वेलांना पिशवीच बरी. फूल कोमेजताच, फळ बोटाएवढं असताना बारीक जाळीच्या कापडाची पिशवी देठाशी सैलसर बांधा, पण तोंडाला फट नको. फूल उमलण्याआधी बांधली तर परागीभवन होत नाही, फळच धरत नाही. कोकणच्या पावसात कागदाचा लगदा होतो, बंद प्लास्टिकमध्ये फळ सडतं. पडवळाला लांब पिशवी शिवावी लागते, एवढाच व्याप.

वेल जास्त असतील तर सापळाही टांगा. डंखलेली फळं मात्र वेलाखाली ठेवू नका: अळ्या मातीत उतरून कोष करतात.