गाडीतल्या तिन्ही पॉवरच्या फ्रिजच्या खरेदीत आमची झालेली फसवणूक

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही उभयतांनी एक जुनी कॅम्परव्हॅन विकत घेतली. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने सावकाश फिरावे, अशी निवृत्तीनंतरची इच्छा होती. पत्नीला इन्सुलिन घ्यावे लागत असल्यामुळे गाडीत भरवशाचा फ्रिज हवा, ही आमची पहिली अट होती. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, हे विक्रेत्याला आम्ही पहिल्याच दिवशी संदेश पाठवून कळवले होते. ते वाचूनही त्याने आम्हाला फसवले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

फ्रिज परदेशी बनावटीचा होता आणि 230 व्होल्टच्या विजेवर, गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर व स्वयंपाकाच्या गॅसवर, असा तिन्हींवर चालणारा होता. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा तो आधीपासूनच सुरू होता. विक्रेत्याने दार उघडले, तेव्हा वरच्या कप्प्यात बर्फाचे खडे होते आणि खाली घाम सुटलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. मग त्याने फ्रिज गॅसवर लावला, बाहेरच्या खालच्या जाळीतून निळी ज्योत दाखवली आणि वरच्या जाळीपाशी माझा हात धरून तिथली ऊब जाणवून दिली. “काका, लाइट गेली तरी बॅटरीवर रात्रभर चालतो, निर्धास्त राहा,” असे तो म्हणाला. फ्रिज आणि बॅटरीचे मिळून 65,000 रुपये त्याने वेगळ्या पावतीवर लावले आणि आम्ही ते घासाघीस न करता दिले.

जी ज्योत आणि जी ऊब पाहून आमची खात्री पटली, त्यांनी काहीच सिद्ध होत नव्हते, हे पुढे समजले. घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर या फ्रिजला नसतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली शोधलेल्या पद्धतीवर तो चालतो. पोलादी नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वर जातो, थंड होऊन द्रवरूप होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होताना कप्प्यातली उष्णता शोषून घेतो. म्हणजे ज्योत, वीज किंवा बॅटरी ही नुसती उष्णता देण्याची साधने आहेत. नळ्यांमधला अमोनिया गळून गेला असला, तरी ज्योत तशीच निळी जळते आणि जाळीतून गरम हवा तशीच येते. बर्फ आणि बाटल्या दुसऱ्या फ्रिजमधून आणून ठेवल्या होत्या, याविषयी आता माझ्या मनात शंका नाही.

पहिल्याच मुक्कामाला हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावातून सुरमई घेतली, ती आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवले आणि फ्रिज रात्रभर गॅसवर चालवला. सकाळी दार उघडताच वास आला. आतला थर्मामीटर 27 अंश दाखवत होता. पत्नीने इन्सुलिनच्या दोन्ही कुप्या तळहातावर घेतल्या, त्या कोमट लागल्या, आणि काही न बोलता तिने त्या बाजूला काढून ठेवल्या. त्याच दिवशी आम्ही नवीन इन्सुलिन घेऊन घरी परतलो.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा “गॅस कमी झाला असेल, भरून घ्या,” असे सांगून त्याने आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवले. त्याने गाडी दिवसभर ठेवून 6,500 रुपयांचे बिल दिले आणि त्यावर “आर-134ए गॅस भरला” असे लिहिले. फ्रिज तरीही थंड झाला नाही. शेवटी बर्फाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या, अमोनियाची नस जाणणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मागची जाळी उघडली. नळ्यांवर ताजा चंदेरी रंग होता. त्यांनी चाकूच्या टोकाने तो एका जोडापाशी खरवडला, तर खालून हळदीसारखी पिवळी पूड निघाली. “हात लावू नका,” असे ते लगेच म्हणाले. पोलाद आतून गंजू नये म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेले असते. ते विषारी असते, आणि त्याचा पिवळा डाग बाहेर दिसला म्हणजे नळी फुटून सगळे गळून गेले, असे समजावे. फ्रिजच्या पट्टीवर अमोनियाचे वजन ग्रॅममध्ये छापलेले होते, आर-134एचा कुठे उल्लेखही नव्हता. तो वायू कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये वापरतात. आमच्या फ्रिजला वायू भरण्याची तोटीच नव्हती. म्हणजे झाकण्यासाठी रंग फासणारा एक आणि न भरलेल्या वायूचे पैसे घेणारा दुसरा, अशी ही जोडी होती.

असा फ्रिज घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, आधीपासून थंड असलेला फ्रिज पाहून पैसे देऊ नका. आदल्या दिवसापासून तो बंद, रिकामा आणि दार उघडे ठेवायला सांगा, आपला थर्मामीटर न्या आणि तुमच्यासमोर सुरू करून निदान सात-आठ तास थांबा, कारण हे फ्रिज सावकाशच थंड होतात. गाडी पाणसळ लावून सपाट उभी करायला लावा. उतारावर उभ्या गाडीत तो चालवला तर द्रावण एका जागी साचून तापते आणि नळ्या कायमच्या तुंबतात. मागची जाळी उघडून रंग आणि पिवळे डाग पाहिल्याशिवाय तर निघूच नका. बॅटरीवर रात्रभर चालण्याची गोष्टही खोटी असते. हा फ्रिज 12 व्होल्टवर साधारण 10 अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी अर्धी वापरायची म्हटली तर चार-पाच तासांतच संपते. 12 व्होल्ट फक्त इंजिन चालू असताना वापरायचे. पेट्रोल पंपावर आणि दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर चढताना मात्र ज्योत विझवून सिलिंडर बंद केलाच पाहिजे.

हा फ्रिज पावसाळ्यात कसा ठेवला गेला होता, तेही त्या जाळीमागे दिसले. दाराच्या रबरात काळी बुरशी होती, धूर जाण्याच्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरे केली होती आणि खाऱ्या हवेने बर्नरचे पापुद्रे निघाले होते. कोकणात गाडी चार महिने उभी राहणार असेल, तर फ्रिज रिकामा करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, पूर्ण सुकवावा, दारात लाकडाचा तुकडा अडकवून ते किलकिले ठेवावे आणि जाळ्यांना आतून बारीक तारेची जाळी लावावी. पावसाळ्यानंतर बर्नर आणि नळी साफ करून घेतल्याशिवाय गॅस पेटवू नये.

“जुनी वस्तू जशी आहे तशी,” एवढेच उत्तर विक्रेत्याने दिले. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही. इन्सुलिनविषयीचा संदेश, फ्रिजची वेगळी पावती आणि मेकॅनिकचे बिल हे तिन्ही कागद मी जोडले आहेत. फ्रिज गाडीतून काढून पडवीत ठेवला आहे. खरवडलेला जोड सोडून बाकीचा चंदेरी रंग आम्ही तसाच राहू दिला आहे, तपासणीला कोणी आले तर त्यांना तो पाहता यावा म्हणून.