टूर झाली ना, मग फसवणूक कसली?

इजिप्तच्या टूरसाठी नाशिकच्या एका टूरवाल्याला आम्ही नवराबायकोने दिले ३,२६,३४० रुपये. माणशी १,४८,००० प्रमाणे दोघांचे २,९६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १४,८००, आणि या सगळ्यावर तेव्हाच्या दराने ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, १५,५४०. आकडा तोंडपाठ झालाय, कारण पोलीस, बँक, सगळीकडच्या प्रत्येक टेबलासमोर तोच सांगत फिरतेय. इजिप्तमध्ये उकळलेले डॉलर वेगळे.

"एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी" हे कोणी म्हणायच्या आत सांगते. फेसबुकवरची जाहिरात बघून आम्ही पैसे फेकले नव्हते. नाशिकमधल्या त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो होतो, चहा प्यायलो होतो. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला, खरा निघाला. आमच्याच सोसायटीतली माणसं त्याच्याबरोबर चारधाम करून आली होती आणि अजून कौतुक करत होती. याहून जास्त चौकशी लोक मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा करत नाहीत.

पहिले ५०,००० कंपनीच्या चालू खात्यात गेले. उरलेले २,७६,३४० भरायच्या दिवशी त्याचा फोन. "काकू, कंपनीच्या खात्याचं लिमिट संपलंय. डॉलर आजच बुक करायचेत, उद्या रेट वाढला तर माझ्या हातात नाही. दुसरं खातं देतो, त्यात टाका." खातं टाकलं. पैसे जायच्या आधी ॲपने खातेदाराचं नाव दाखवलं. एका बाईचं नाव. कंपनीच्या नावातलं एक अक्षर त्यात नाही. आणि मी कोण, तर उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे काढलेली बाई. "नाव जुळतंय का बघा, मगच पाठवा" हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलंय. बरं, मी डोळे झाकून पाठवले असंही नाही. परत फोन लावला, विचारलं. "माझी मिसेस आहे ती काकू, पार्टनर आहे." आता नाशिकात निम्मे धंदे बायकोच्या नावावर चालतात, त्यात संशय काय घ्यायचा? शिवाय हे मागे उभे राहून "अगं पाठव, सीट जाईल" करत होते. ते नाव स्क्रीनवर चांगलं मिनिटभर होतं. अजून रात्री जाग आली की तेच दिसतं.

टूरचा पैसा फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यात. मिसेस, मेहुणा, मॅनेजर, कोणीही नाही.

कैरोत उतरल्यावर पहिला धक्का. माहितीपत्रकावर तुतनखामेन या प्राचीन राजाच्या सोन्याच्या मुखवट्याचा पानभर फोटो होता. आम्हाला नेलं तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम पूर्ण सुरू झालं आणि मुखवट्यासकट तुतनखामेनचा सगळा खजिना तिकडे गेला. जुनं म्युझियमही सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, पण ज्यासाठी गेलो ते तिथे नव्हतंच. विचारलं तर, "मॅडम, प्रोग्रॅममध्ये फक्त 'म्युझियम' लिहिलंय." खरंच तेवढंच लिहिलं होतं. पिरॅमिडचंही तसंच. 'पिरॅमिड दर्शन' म्हणजे बाहेरून. आत जायचं तिकीट वेगळं असतं, हे तिथे उन्हात उभं केल्यावर कळलं. प्रवेश आतून की बाहेरून, म्युझियम कुठलं, बोट कुठली, सगळं नावानिशी लेखी घ्या.

लक्सरला बसमध्ये गाईडने माणशी ६० डॉलर रोख गोळा केले. कारण काय, तर तिकीट खिडकीवर रोकड चालत नाही, तो स्वतःच्या कार्डाने भरेल. यातली मेख अशी की कारण खरं आहे! तिथल्या मोठ्या स्थळांवर कार्डच लागतं. म्हणून तर सगळ्यांनी मुकाट्याने काढून दिले. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, तुतनखामेनच्या थडग्याचं तिकीट निराळं. पैसे त्याचेही घेतले आणि आत नेलं नाही, "आज बंद आहे" म्हणे. आमच्या डोळ्यांदेखत माणसं त्या पायऱ्या उतरत होती. आपलं कार्ड घेऊन जा आणि खिडकीवर स्वतः उभे राहा. दुकानांना मात्र वेळच वेळ. पपायरसवाला (लव्हाळ्यापासूनचा प्राचीन कागद), अत्तरवाला, अलाबास्टरवाला. कर्नाकच्या देवळाला पाऊण तास आणि अत्तराला दीड. पपायरस म्हणून ह्यांनी ४० डॉलरला घेतलेलं चित्र केळीच्या सालीचं निघालं.

खरा तमाशा नाईल नदीतल्या मुक्कामाच्या बोटीवर झाला. सामान चढलेलं, पासपोर्ट रिसेप्शनवर जमा, आणि तिथला स्थानिक एजंट लॉबीत येऊन म्हणतो की तुमच्या इंडियावाल्याने बोटीचे पैसेच पाठवलेले नाहीत. माणशी ३८० डॉलर द्या, नाहीतर खोलीच्या चाव्या मिळणार नाहीत. नाशिकचा फोन बंद. आमच्या ग्रुपच्या बावीस जणांतले निम्मे सत्तरीचे, कोणाला इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचंय. काय करणार? दोघांचे ७६० डॉलर भरले. पावती मागितली तर हॉटेलच्या कोऱ्या कागदावर सही. त्या स्थानिक माणसाचा तरी किती राग करायचा, त्यालाही बुडवलंच होतं.

आस्वानहून अबू सिम्बेलची प्राचीन देवळं बघायला जाणं रद्द. वाळूचं वादळ, रस्ता बंद. धरणाच्या पाण्यात जाणारी ती देवळं १९६४ ते १९६८ मध्ये कापून, उचलून वर बसवली, ती बघायची म्हणून तर हे तयार झाले होते. संध्याकाळी घाटावर सुरतचा एक ग्रुप भेटला, त्याच सकाळी तिथे जाऊन आलेला. फोटो दाखवले. आभाळ निळंभोर.

परत आल्यावर पोलीस ठाणे. साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ताई, टूर झाली ना? मग फसवणूक कसली?" हा दिवाणी मामला. बरं, ऑफिस एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, त्या बाईचं बचत खातं ठाणे शहरातल्या शाखेचं, पैसे उकळले इजिप्तमध्ये. मग हद्द कोणाची? एक हवालदार हसत म्हणाला, कैरोला जाऊन तक्रार द्या. पुढे आर्थिक गुन्ह्यांवाल्यांकडे, तर त्यांच्या मानाने रक्कम किरकोळ! आमची आयुष्यभराची हौस किरकोळ. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात. पर्यटनवाल्यांकडे गेले तर कळलं की टूर कंपनीला सरकारी मान्यता ऐच्छिक असते. म्हणजे वडापावच्या गाडीला परवाना लागतो आणि बावीस म्हाताऱ्यांना वाळवंटात न्यायला नाही. अर्ज मात्र सगळ्यांनी घेतले, तीन-तीन प्रतींत.

आणि तो टीसीएस. माझ्या पॅनवर, आयकराच्या २६एएस या विवरणात, एक रुपया दिसत नाही. १५,५४० घेतले आणि भरलेच नाहीत. टूरवाल्याकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागा, देत नसेल तर तिथेच समजा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलेय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, ऑनलाइन दाखल करता येतं, वकील नसला तरी चालतं. नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' शेऱ्यासह परत आली. तेच महाशय नव्या नावाने जॉर्डनची, पेट्राची टूर विकतायत, व्हॉट्सॲपवर पत्रक फिरतंय, आणि त्यात बोटीवरचा फोटो आमच्याच ग्रुपचा आहे. एकत्र तक्रार करता येते, म्हणून बावीसही जणांना फोन केले. नऊ जण तयार झाले. बाकीच्यांचं म्हणणं, जाऊ दे, सुनेला कळलं तर काय म्हणेल.