ग्रास्प पुस्तिका: पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम स्वतः सांभाळताना आलेला अनुभव

पक्षाघातानंतर घरी परतलेल्या माणसाची फिजिओथेरपिस्टशी गाठ आठवड्यातून फार तर दोन-तीनदा पडते आणि त्यातला बराचसा वेळ उभे राहणे, तोल सांभाळणे व चालणे यांतच संपतो. हाताच्या वाट्याला फारच थोडे येते. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव एका सत्रात सरासरी अवघ्या ३२ वेळा होतो, असे आढळले होते. सरावाने मेंदूत बदल घडतात हे ज्या प्राण्यांवरील प्रयोगांतून समजले, त्यांत मात्र तीच हालचाल दिवसाला शेकडो वेळा करून घेतलेली असते. ही तूट रुग्णाने स्वतः भरून काढावी, यासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ग्रास्प’ हा हाताच्या सरावाचा कार्यक्रम तयार केला. माझी डावी बाजू लुळी पडल्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने मी त्याची पुस्तिका घेतली आणि गेले कित्येक महिने ती नियमाने वापरते आहे.

पुस्तिका विनामूल्य मिळते. हाताची ताकद पाहून तिच्या तीन पायऱ्या केलेल्या आहेत आणि आपली पायरी थेरपिस्टने ठरवायची असते. खांदा, कोपर, मनगट, पकड आणि बोटांची बारीक कामे असे व्यायाम चित्रांसह दिले आहेत. प्रत्येक व्यायाम किती वेळा करायचा आणि तो जमू लागला की अवघड कसा करायचा, हेही लिहिलेले आहे. सोबत रोजची मिनिटे लिहिण्याचा तक्ता आणि रुग्णाने सही करायचा एक करारनामाही असतो. ज्या चाचणीवर हे सारे उभे आहे, ती २००९ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत १०३ रुग्ण होते आणि नेहमीच्या उपचारांखेरीज रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, असा चार आठवड्यांचा सराव होता. हा सराव करणाऱ्यांचा हात तो न दिलेल्या दुसऱ्या गटातील रुग्णांपेक्षा अधिक सुधारला. करारावर सही करणे मला आरंभी निव्वळ औपचारिकता वाटली होती, पण कंटाळा आलेल्या दिवशी तीच सही उपयोगी पडली.

साहित्याची यादी परदेशी घर डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, पण आपल्या घरात तिला उत्तम पर्याय सापडतात. हाताने दाबायच्या मऊ पुट्टीऐवजी मी कणकेचा गोळा घेते. तो थोडा घट्ट मळून वर तेलाचा हात फिरवला की बोटांना चिकटत नाही. बीनबॅगच्या जागी मूग भरून शिवलेली कापडी पिशवी, बरणीच्या जागी फिरकीच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि पोकर चिप्सच्या जागी कॅरमच्या सोंगट्या. कपड्यांच्या चिमट्यांबाबत मात्र जपून निवड करावी. बाजारातील कडक स्प्रिंगचे प्लास्टिकचे चिमटे कमजोर अंगठ्याला उघडत नाहीत आणि त्या धडपडीत सगळी बोटे आखडून येतात. लाकडी, थोडे सैल झालेले चिमटे आधी घ्यावेत.

सोंगटी उचलण्याचा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. गुळगुळीत टेबलावरची सोंगटी अंगठ्याने कडेपर्यंत ओढून खालून पकडली, तर काम होते, पण बोटांची चिमूट होत नाही. थेरपिस्टने टेबलावर जाडसर नॅपकिन अंथरायला सांगितले. सोंगटी सरकेनाशी झाली आणि अंगठा व तर्जनी यांना समोरासमोर यावेच लागले. दुसरी पळवाट धडाची असते. हात पुढे जात नसला की माणूस नकळत कमरेतून वाकतो आणि हात लांब गेल्याचा भास होतो. त्यासाठी पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये वर्तमानपत्राची सुरळी ठेवायची. ती खाली पडली तर ती खेप मोजायची नाही. या दोन युक्त्यांनी मोजलेल्या खेपा कमी झाल्या, पण खऱ्या झाल्या, आणि माझ्या मते आकड्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

खांद्याबाबत सावधगिरी हवी. लुळ्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो. दुखत असताना हात डोक्यावर नेण्याचा अट्टहास करू नये आणि घरच्यांनी काखेत हात घालून किंवा दंड ओढून उठवू नये. पकडीचे व्यायाम करताना श्वास रोखला जातो, त्याने रक्तदाब चढतो, म्हणून मी आकडे मोठ्याने मोजते. पक्षाघातानंतरचा थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. एक तास सलग बसणे मला जमत नाही. सकाळी अंघोळीनंतर आणि दुपारच्या विश्रांतीनंतर असे दोन भाग केले, तेव्हाच तक्ता भरू लागला.

घरच्यांनी रुग्णाला धीर द्यावा, अशी पुस्तिकेची अपेक्षा आहे. आपल्या घरांत धीर देण्याआधी माणसे काम हातातून काढून घेतात. ब्लाउजचे हुक लावताना माझा वेळ जाई, तेव्हा सून पुढे येऊन म्हणे, “आई, राहू द्या, मी लावते.” तिचे प्रेम मला कळत होते, पण त्यातून हाताची संधी जात होती. आता ती शेजारी थांबते आणि मी मागितली तरच मदत करते.

तरीही हे पुस्तक हाती आले म्हणून थेरपिस्टकडे जाणे बंद करू नये, असे मी कळकळीने सांगेन. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत घरच्या माणसाला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन पाहिले होते. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि सहा महिन्यांनंतर असे प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांतील परावलंबित्वात फरक आढळला नाही. मला त्यातून घरच्यांचा सहभाग निरुपयोगी ठरत नाही, पण तो जाणकार नजरेची जागा घेऊ शकत नाही, एवढे नक्की कळते. वर्तमानपत्राच्या सुरळीसारखी गोष्ट आम्हाला घरी कधीच सुचली नसती.

उणिवाही आहेत. मी वापरलेली प्रत इंग्रजीत आहे, त्यामुळे सुनेने सूचना मराठीत लिहून कपाटाच्या दारावर लावल्या. ज्यांची मूठ पूर्ण आवळलेली आहे आणि बोट जराही उघडत नाही, त्यांना यातले फार थोडे करता येईल. पाय आणि दम यांसाठी त्याच विद्यापीठाचा ‘फेम’ हा वेगळा कार्यक्रम आहे, पण त्यात उभ्याने करायचे व्यायाम असल्याने शेजारी कोणीतरी हवेच.

मी आता तिसऱ्या पायरीवर आहे. पोळी लाटताना डावा हात पोळपाट घट्ट धरतो, पण शर्टाचे वरचे बटण अजून एका हाताने लावता येत नाही. पायरी कधी बदलायची, याची तारीख थेरपिस्टकडून प्रत्येक भेटीत लिहून घ्यावी. ती तारीख पुस्तिकेत छापलेली नसते आणि तिच्याविना माणूस त्याच सोप्या व्यायामांत महिनोन्‌महिने अडकून राहतो.