खाचांची लाकडी पाटी, सात महिन्यांनी (आणि ळ कुठाय?)

पाटीवर अक्षरं खाचांत कोरलेली आहेत, सोबतची लाकडी पेन्सिल त्यात फिरवून गिरवायचं. काल ती पेन्सिल मोडली. टोक आधीच झिजलं होतं, लेक वर बसली आणि पेन्सिलीचा निकालच लागला. कस्टमर केअरला फोन केला तर नवी पेन्सिल २४९ रुपये, कुरिअर वेगळं! अहो अख्खी पाटी मी दिवाळीच्या सेलमध्ये ६४९ ला घेतलीये. बोटभर लाकडाचे २४९?

आता फोन लागलाच आहे तर म्हटलं दुसरं पण बोलून घेऊ. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'हिंदी-मराठी वर्णमाला' छापलंय, मग ळ कुठाय? पलीकडची मुलगी म्हणते, "ल है ना मॅम, तीसरी लाइन में." मी म्हटलं ल नाही हो, ळ, बाळातला ळ. थोडा वेळ शांतता, मग "मॅम, क्ष त्र ज्ञ तक पूरा है." वीस मिनिटं गेली, तिकीट नंबर मिळाला, ळ काही मिळाला नाही.

मी उगाच भांडतेय असं वाटत असेल तर घरात जरा बघा. शाळा, फळा, बाळ, केळं, डोळे, पोळी, काळा, निळा, पिवळा. साडेचार वर्षांच्या पोरीच्या तोंडी दिवसभर जे शब्द असतात त्यातले निम्मे या पाटीवर लिहिताच येत नाहीत, आणि ज्ञ मात्र आहे, तो तिला कधी लागणार देव जाणे. २००९ च्या शासन निर्णयात मराठीचे ५२ वर्ण धरलेत, ॲ आणि ऑ सुद्धा त्यात आहेत. पाटीवर मोजून ४९. ल सुद्धा हिंदीसारखा दांडीचा, आपल्या पुस्तकातला पाकळीचा नाही, त्यामुळे बालवाडीत एक ल आणि घरी दुसरा.

बरं, चांगलं पण सांगते. पहिले दोन महिने मी खूश होते, जाऊबाईंना पण घ्यायला सांगितली होती (सॉरी). कागद लागत नाही, खडू नाही, पोरगी अर्धा तास एका जागी बसते, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या पोळ्या होतात.

जानेवारीत तिला साधी वही दिली आणि सगळं कळलं. ग काढायला सांगितला तर दांडीपासून सुरुवात, ती पण खालून वर. खाच म्हणजे रुळावरची गाडी, कुठूनही ढकला, जातेच. सुरुवात कुठून, वळण कुठे, हे खाच सांगतच नाही, शेजारी बसून आपणच सांगायला लागतं. मग त्यापेक्षा ताटात रवा पसरून बोटाने काढून घेतलेलं बरं, चुकलं की दिसतं, ताट हलवलं की पुसतं. खर्च शून्य, रव्याचा नंतर शिरा (हात धुऊन बसवत असाल तर).

दुसरी गोष्ट क्रमाची. पाटी अ पासून सुरू, आणि अ हे हाताला बऱ्यापैकी अवघड अक्षर आहे. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, अहो आधी ग म भ न घ्या, सारख्या वळणाची. म्हणून ती आणि र सोडून बाकी पाटीवर मास्किंग टेप चिकटवली. ग, म, न आणि र एवढ्या चारच अक्षरांत मन, मग, नगर, गरम, मगर होतात, एकही काना-मात्रा नाही! आठवड्याभरात पोरगी 'मगर गरम' असं वाचून खिदळायला लागली. हे पाटीचं श्रेय नाही, बाईंचं आणि टेपचं.

मागच्या बाजूला १ ते १०, बास. खरी गंमत त्याच्या पुढेच आहे. सत्तावीस म्हटलं की ही ७ आधी लिहिते, मग २, झाले ७२. तिची चूक नाही, कानावर सात आधी पडतो. एकोणतीसला तर सरळ ३९, तीस ऐकू आलं ना! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस सात' असं वाचन आणलं तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या जोक्सना मी पण हसले होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्या काय म्हणत होत्या ते आता माझ्याच डायनिंग टेबलवर कळतंय. आमच्याकडे आइस्क्रीमच्या काड्या, दहाची जुडी रबर लावून. दोन जुड्या आणि सात सुट्या, तोंडाने आधी 'वीस सात', मग 'म्हणजे सत्तावीस'. सासूबाईंना पटत नाही, त्या पाढेच म्हणून घेतात. चालू दे दोन्ही.

रेटिंग दोन देणार होते, पण तीन देते. मागच्या रविवारी नवऱ्याने पाटीच्या कडेच्या मोकळ्या जागेत तापवलेल्या खिळ्याने ळ कोरला. वाकडा झालाय, इंग्रजी आठ आडवा पडल्यासारखा, आणि लेक सगळ्यात जास्त तोच गिरवते. त्यासाठी आधी अर्धी टेप पण तिनेच ओढून काढली.

आणि हो, पेन्सिल विकत घेऊ नका. जुन्या रंगाच्या ब्रशचं मागचं टोक खाचेत बरोबर बसतं.