कृषी केंद्राच्या काउंटरवर हिशोबाचं ॲप: दहा महिने वापरून

ॲपचं नाव लिहीत नाही. ज्या खोड्या सांगणार आहे त्यातल्या निम्म्या अशा सगळ्याच ॲपांत निघतील असा माझा अंदाज आहे, आणि उरलेल्या निम्म्या पुढच्या अपडेटमध्ये कदाचित जातीलही. एप्रिल 2025 मध्ये वर्षाचे पैसे भरले, आता जानेवारी संपला. खरीप, अतिवृष्टी, जीएसटीचे बदललेले दर, दिवाळी, रब्बी, सगळं यात येऊन गेलं.

औशात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. अण्णांनी तीसेक वर्षं लाल कापडी बांधणीच्या वहीवर दुकान चालवलं. गिऱ्हाईक भादा, मातोळा, लामजना, बेलकुंड, उजनी, थेट किल्लारीपर्यंतचं. जूनमध्ये माल नेतात, सोयाबीन निघालं की पैसे देतात. सहाशेच्या वर खाती आहेत. मी ॲप घेतलं ते सीएच्या वैतागामुळं. दर तिमाहीला मी त्याच्याकडं बिलांची पिशवी नेऊन टाकायचो, तो डोक्याला हात लावायचा.

पहिला महिना नावं भरण्यात गेला, आणि खरी अडचण तिथंच कळली. ॲप विचारतं पहिलं नाव, आडनाव, कंपनीचं नाव, ईमेल. आमच्याकडं बालाजी नावाची एकोणचाळीस खाती आहेत. ज्ञानोबा, व्यंकट, माणिक यांचीही रांगच. आडनाव विचारावं तर निम्मे पाटील, बाकीचे जाधव, शिंदे, शेख, सय्यद. अण्णांच्या वहीत माणूस गावानं सापडतो. आधी भादा, मग भाद्यातली वस्ती, मग बापाचं नाव, आणि तरी दोन निघाले तर "विहिरीवाला" किंवा "चष्म्याचा". ॲपमध्ये गावाला रकानाच नव्हता. पत्ता होता, पण पत्त्यावरून शोधता येत नव्हतं. त्यात नावं इंग्रजीत भरली. मी ज्ञानोबा 'डी'नं सुरू केला, बायकोनं 'जी'नं, दुकानातल्या पोरानं 'डीवाय' लावून. एका माणसाची तीन खाती झाली आणि तिघांवर वेगवेगळी बाकी. दोन खाती जोडायची सोय तेव्हा नव्हती. मग तीन आठवडे रात्री शटर पाडून सगळी नावं नव्यानं टाकली, मराठीत, आणि गाव पुढं: "भादा बालाजी ज्ञानोबा". हा उपाय मला कुणी सांगितला नाही, पण घेणाऱ्यानं पहिल्या दिवशीच करावा.

मराठी भाषा निवडायची सोय आहे, तिचं कौतुकही करतो, पण ती कुणी तरी डोळे झाकून केलेली आहे. खातेदाराला इंग्रजीत 'पार्टी' म्हणतात, त्याचं मराठीत "पक्ष" केलंय. स्क्रीनवर मोठं बटण: "नवीन पक्ष जोडा". अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "कोणत्या पक्षात चाललास रे?" मागची बाकी हिला "मागील संतुलन" म्हणतात. खातं, बाकी, जमा, नावे, येणं, देणं हे शब्द पिढ्यान् पिढ्या आपल्या तोंडात आहेत. ते सोडून असलं का लिहायचं, कळत नाही. त्यातल्या त्यात "तुम्हाला मिळतील" आणि "तुम्ही द्याल" या दोन ओळी चांगल्या, त्या पोरालाही पहिल्या दिवशी कळल्या.

माझी भाची पुण्याला डिझाईन शिकते. तिला प्रोजेक्ट होता, छोट्या धंदेवाल्यांना पैशाची सॉफ्टवेअरं कितपत झेपतात याचा. म्हटलं, ये, बघ आमचे हाल. ती आली आणि मला वाटलं विचारील, मामा ॲप आवडलं का. तसं काहीच नाही. तिनं कामं दिली. "भाद्याच्या अमक्याची मागची बाकी सांगा." हातात घड्याळ. आणि म्हणे करताना जे डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. अण्णा गादीवरून, "एकटाच काय बडबडायलास?" पहिल्या फेरीत मला बाकी सांगायला ॲपवर अठ्ठेचाळीस सेकंद लागले. अण्णांना वहीवर अकरा. गाव पुढं टाकल्यावर माझेही नऊवर आले. मी, बायको, अण्णा, पोरगा आणि शेजारचा हार्डवेअरवाला, असे पाच जण तिनं बसवले. तिच्या शास्त्रात याकोब नील्सन नावाच्या माणसाचं म्हणणं आहे की एवढ्या पाच जणांतच बहुतेक मोठ्या अडचणी बाहेर पडतात. आमच्या तर दोघांतच पडल्या.

तिनं दहा वाक्यांचा एक कागदही भरून घेतला. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये केलेली ही प्रश्नावली आजही जगभर वापरतात. "हे मला वारंवार वापरायला आवडेल", "हे विनाकारण किचकट आहे", अशी एक सरळ एक उलटी वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण, त्यातून शंभरपैकी आकडा निघतो. साधारण 68 म्हणजे मधली पातळी. एप्रिलच्या शेवटी दुकानात चिटपाखरू नसताना मी भरला तेव्हा 77.5 आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर गर्दीच्या रात्री परत भरला, तेव्हा 47.5. माणूस तोच, फोन तोच.

जूनमध्ये काय झालं ते सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यातच पाऊस पडला, त्यामुळं मृग लागायच्या आधीच लोक पेरणीच्या घाईत. काउंटरवर पंधरा माणसं. शेतकरी आल्या आल्या नाव सांगत नाही, माल सांगतो: "दोन बॅगा सोयाबीन, एक डीएपी, बीजप्रक्रियेचं औषध." नाव शेवटी, तेही "लिहा आमच्या खात्यावर" एवढंच, कारण त्याला आपण ओळखतोच. ॲपला आधी नाव पाहिजे. आधी माल टाकून मागून खातं निवडलं तर घातलेले भाव पुसून मूळ यादीचे भाव येतात. आम्ही दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी परत कागदाच्या पावत्या फाडल्या. त्या रात्री बारापर्यंत बसून भरल्या.

राउंड ऑफचा, म्हणजे पैसे सोडून बिल पूर्ण रुपयात करायचा, घोळ तर वेगळाच. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत. ॲपनं आपलं आपण बिल 267 चं केलं. पन्नास पैशांचं कुणाला काय, पण छापील किमतीच्या वर बिल निघालं की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला कारण आयतं मिळतं. एका मास्तरांनी बिल हातात घेऊन विचारलं म्हणून लक्षात तरी आलं. सेटिंगमधली राउंड ऑफची खूण काढून टाकली, पण ती आधीपासून लावलेली कशाला होती? अनुदानाच्या खताची विक्री तर सरकारी पॉस मशीनवर अंगठा घेऊन करावी लागते, तिचा साठा वेगळा, ॲपचा वेगळा. दोनदा नोंद करणं टळत नाही. त्यात मात्र ॲपचा दोष नाही.

आता जुलै. या एका गोष्टीपायी मी ॲप काढून टाकणार होतो. उधारीला तीस दिवस झाले की आठवणीचा मेसेज आपोआप जातो, ही सोय सुरूच असते, आणि मला ते माहीत नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी एकशे चाळीस लोकांना व्हॉट्सॲपवर मेसेज गेला: "आपली रक्कम थकीत आहे. तात्काळ भरणा करावा." आमच्या दुकानाच्या नावानं. पिकं गुडघ्याएवढी सुद्धा नाहीत आणि आम्ही थकीत म्हणायलोय! अण्णांच्या वयाचे, वीस वर्षांचे गिऱ्हाईक असलेले एक मामा मोटारसायकलवर मागं बसून औशाला आले. आत आले नाहीत. पायरीवरूनच म्हणाले, "दसऱ्याला देतो म्हणलं व्हतं. कधी बुडवलंय का?" आणि गेले. अण्णा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. कंपनीला फोन केला तर पलीकडचा पोरगा गोड हिंदीत, "सर, ये तो आपके फायदे का फीचर है."

मेसेज बंद केले. सगळ्या खात्यांची देय तारीख दसऱ्याची, 2 ऑक्टोबर, केली, तीही एकेक करून, कारण सगळ्यांना एकदम तारीख लावता येत नाही. आणि सप्टेंबरात पाऊस काय पडला ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. नदीकाठची रानं खरवडून गेली, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. ज्यांचं हाती लागलं त्यांचं डागी. हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, आणि आडतीवर भाव त्याच्या बराच खाली. ॲपमध्ये 3 ऑक्टोबरला सकाळी सगळी यादी लाल झाली, प्रत्येकापुढं "1 दिवस उशीर".

तेव्हा मी अण्णांची वही नीट पाहिली. प्रत्येक पानाला डावीकडं समास सोडलेला, त्यात बारीक अक्षरात: "लेकीचं लग्न, माघात देतो." "भावकीत वाटण्या चालू, थोरल्याला विचारू नये." "स्वतः आला नाही तरी माल द्यावा." यंदाच्या पानांवर "रान वाहून गेलं, रब्बीवर", "निम्मं दिलं, बैल विकून". वसुलीला निघताना ते आकडा नंतर बघतात, आधी समास वाचतात. ॲपमध्ये टीप लिहायची जागा आहे, पण ती एकेका बिलाच्या आत, तीन दाब खाली. खातं उघडल्यावर ती दिसतच नाही. रकाने भरपूर, समास नाही. भाचीला फोनवर हे सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "मामा, हे परत सांगा, लिहून घेते." ऑक्टोबरात ती पुन्हा येऊन वहीच्या पानांचे फोटो घेऊन गेली, नावं झाकून.

आता चांगलं सांगतो, नाही तर अन्याय होईल. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा मी धास्तावलो होतो. आमच्या दुकानात पेरणीच्या बियाण्याला कर नाही, खताला 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकाला 18, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठिबकचं सामान, काही जैविक कीटकनाशकं 12 टक्क्यांत होती, ती 5 वर आली. ॲपनं बदलणाऱ्या मालाची यादी समोर ठेवली, विचारलं, लावू का? हो म्हटलं. जुनी बिलं जुन्याच दरानं राहिली, नवी नव्या दरानं. ज्या मालाला मी आळसानं एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) टाकला नव्हता तो तेवढा 12 वरच राहिला, ती चूक माझी. वहीवर हे करायचं म्हटलं असतं तर दिवाळी त्यातच गेली असती.

सीए तर खूश आहे. आमचं तिमाही विवरण, म्हणून विक्रीचं विवरण, जीएसटीआर-1, तिमाही संपली की 13 तारखेच्या आत जातं. एक फाईल पाठवतो, दहा मिनिटांचं काम. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर आपोआप छापतो, आणि उगवण झाली नाही तर शेतकऱ्याची तक्रार त्या नंबरावरच उभी राहते. लाईट नसली, रेंज नसली तरी बिल निघतं. फक्त दोन फोनवरून रेंजविना बिलं केली तर दोन्हीकडं एकच नंबर पडतो, म्हणून आता पोराच्या फोनच्या बिलांना वेगळं अक्षर लावलंय. ऑगस्टमध्ये फोन बादलीत पडला, दुसऱ्या फोनवर अर्ध्या तासात सगळं परत आलं. ऑनलाईन पैशांची जुळणी मात्र अजून हातानंच करतो, कारण पुण्याला नोकरी करणारं पोरगं बापाच्या खात्याचे पैसे स्वतःच्या नावानं पाठवतं.

डिसेंबरात अपडेट आलं, त्यात खात्यांचे "गट" करता येतात, आणि दोन खाती जोडताही येतात. मी लगेच गावांचे गट केले. समास अजून नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा पैसे भरणार आहे, भावही परवडतो. पाचपैकी साडेतीन देतो, जूनमध्ये विचारलं असतं तर दोन दिले असते. घ्यायचंच असेल तर मार्च-एप्रिलात घ्या. पेरणीच्या तोंडावर घेऊ नका. पहिल्या दिवशी तीन कामं करा: राउंड ऑफ बंद, आपोआप मेसेज बंद, नावाच्या पुढं गाव.

दिवाळीला वहीपूजनासाठी अण्णांनी नेहमीसारखी नवी वही आणली. तिच्यात आता आकडे मांडत नाहीत. गावाचं नाव, माणसाचं नाव, आणि पुढं ते जे समासात लिहायचे ते, आता पानभर. बाकी किती ते मला विचारतात, मी फोनवर बघून सांगतो, मग ते ठरवतात आज कुणाकडं जायचं.